नंदूमामांच्या गाडीचं मॅनेजमेंट

आधी चहा घ्या. हातात गरम कप असला की माणूस जरा बेताने हसतो, म्हणून म्हटलं. आता जे सांगणार आहे ना, ते ऐकून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी खुर्चीवरून घसरलेले. माझं लग्न ठरलेलं, साखरपुड्याचा हॉल बुक झालेला, आणि एका रविवारात ते सगळं मोडायच्या बेतात आलं. मोडणारा कोण? कोणी शत्रू? कोणी भाऊबंद? छे हो! अस्मादिक!

नव्वदचं दशक संपत आलेलं. मी राहायला डोंबिवलीला आणि नोकरीला कोलशेतच्या एका कारखान्यात, इन्स्ट्रुमेंटेशन डिपार्टमेंटला. म्हणजे काय, तर प्लांटमधल्या डायलचे काटे खरं बोलतायत की खोटं, ते बघायचं. पण बाहेर सांगताना मी 'कंट्रोल सिस्टिम' असं सांगायचो. वजन पडतं ना! त्यात मी युनियनचा मेंबर. नुसता नाही, उत्साही! गेट मीटिंगला घोषणा द्यायला माझा आवाज सगळ्यांच्या पुढे. 'मॅनेजमेंट' हा शब्द नुसता कानावर पडला तरी माझी मूठ आपोआप वर जायची.

मुलगी ठाण्याची, माधवी. शाळेत गणित शिकवायची. तिचे वडील अप्पा, बँकेतून रिटायर झालेले आणि बोलायला अत्यंत काटकसरी. बघायला गेलेलो तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "नोकरी पर्मनंट ना?" मी म्हटलं, "हो." संपली मुलाखत!

आणि होते नंदूमामा, माधवीचे सख्खे मामा, अप्पांच्याच बिल्डिंगमध्ये राहणारे. मस्कतहून कायमचे परत आलेले, आणि येताना गाडी घेऊन आलेले. काय गाडी, महाराज! लालभडक, दोनच दारं, स्टिअरिंग डाव्या हाताला. बोनेट एवढं लांब की चार माणसं पंगतीला बसतील. गल्लीच्या वळणावर आधी बोनेट यायचं, मग बऱ्याच वेळाने मामा यायचे.

एका शनिवारी मी अप्पांकडे चहाला गेलेलो. मामाही आलेले, तक्रार करत होते.

"गाडी झकास आहे रे अविनाश, पण जोर करत नाही. अ‍ॅक्सिलरेटर खच्चून दाबला ना, की आधी क्षणभर विचार करते आणि मग निघते. कोणीतरी मागून शर्ट धरल्यासारखं वाटतं."

आता मी गप्प बसावं की नाही? पण समोर माधवी पोहे घेऊन आलेली. मी म्हटलं, "काँप्युटर असेल मामा. इंजिनचा काँप्युटर. तो अडवत असणार."

"अरे, तुला त्यातलं कळतं?"

"कंट्रोल सिस्टिमच ना ती शेवटी!"

मामांनी माझ्या पाठीवर असा हात मारला की पोह्यांचा ठसका लागला. मस्कतच्या एका मित्राने त्यांना एक छोटा डबा दिलेला. कॅल्क्युलेटरसारखा, त्याला एक वायर. ती स्टिअरिंगच्या खाली खोचायची, की इंजिनच्या काँप्युटरमधल्या सेटिंग्ज बदलता येतात. मामांनी तो कधी उघडलाच नव्हता. म्हणाले, "उद्या सकाळी ये. तूच बघ."

माधवी माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्याच्या जोरावर मी विमानसुद्धा खोललं असतं!

रविवारी सकाळी मी त्यांच्या बिल्डिंगच्या आवारात हजर. वायर खोचली. डब्याच्या पडद्यावर एकेक इंग्रजी ओळ यायला लागली. ही नको, ती नको, असं करत पुढे जातोय, तर एका ओळीवर डोळे थबकले.

टॉर्क मॅनेजमेंट. चालू.

आता टॉर्क म्हणजे काय, तर चाक फिरवायचा जोर, एवढं मला ठाऊक होतं. बरोबरच्या पुस्तिकेत बघितलं. लिहिलेलं, की हे मॅनेजमेंट गरज पडेल तेव्हा इंजिनचा जोर कमी करतं. बस! पुढे काय लिहिलंय ते कशाला वाचायचं? काम करणारा काम करायला तयार आहे आणि मॅनेजमेंट त्याला मागे खेचतंय, हे माझ्या चांगल्या ओळखीचं होतं!

पुढे काय लिहिलेलं ते तुम्हाला सांगतो. गाडी एकदम निघताना चाकं जागच्या जागी गरगरू नयेत आणि गिअरबॉक्सला हिसका बसू नये, म्हणून तो काँप्युटर इंजिनला क्षणभर आवरून धरतो. घरातला एखादा शहाणा माणूस तापट माणसाचा दंड धरतो ना, तसं. त्या शहाण्या माणसाला मी बटण दाबून घराबाहेर काढला.

टॉर्क मॅनेजमेंट. बंद.

मी गाडीतून उतरलो तो विजयी मुद्रेने. मामा म्हणाले, "आता जेवायलाच थांब. दुपारी कोलशेतला खाडीकडच्या रिकाम्या रस्त्यावर नेऊ गाडी. अप्पांनाही घेऊ."

घरी कळवायला हवं. आमच्याकडे फोन नव्हता, खालच्या कुलकर्णी काकूंकडे होता. मी कोपऱ्यावरच्या पीसीओत गेलो. लाईनमध्ये खरखर, बाहेर बँडवाल्यांची प्रॅक्टिस, आणि काकू मुळात एका कानाने कमी ऐकणाऱ्या.

"काकू, आईला सांगा, मी जेवायला येत नाही!"

"का रे? काय झालं?"

"काही नाही! मॅनेजमेंट बंद पाडलं!"

"काय बंद पाडलं?"

"मॅनेजमेंट, मॅनेजमेंट! आता कोणी अडवणारं नाही! दुपारी कोलशेतला रस्त्यावर येतोय! अप्पाही आहेत बरोबर!"

आणि लाईन कटली.

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? प्रत्येक शब्द खरा होता! पण काकू जिना चढून वर गेल्या आणि माझ्या आईला म्हणाल्या, "अहो, तुमच्या अविनाशने कंपनी बंद पाडली. बिचारा रस्त्यावर आलाय. सासऱ्यांनाही आंदोलनात ओढलंय."

त्या काळात ठाण्यात कारखान्यांना टाळं लागणं म्हणजे काही नवल नव्हतं. त्यामुळे कोणाला शंकासुद्धा आली नाही. आईने डोक्याला हात लावला. माझे वडील, नाना, तत्त्वाचे पक्के. त्यांनी शर्ट चढवला. "मुलीकडच्यांना अंधारात ठेवायचं नाही," म्हणाले आणि तडक ठाणं गाठलं.

ते पोचले तेव्हा आम्ही तिघं नुकतेच निघालेलो. घरात माधवी आणि तिची आई. नानांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्या म्हणाले, "वहिनी, अविनाशची नोकरी गेली. त्याने स्वतःच घालवली. तुम्हाला हे लग्न मोडायचं असेल तर आमचा काही राग नाही."

माधवीच्या आईला घामच फुटला. पण माधवी म्हणाली, "नोकरी गेली तर दुसरी मिळेल. पण काल चहाला आला, आज जेवायला थांबला, तरी मला का नाही सांगितलं? हे मी त्याच्याच तोंडून ऐकणार." आणि तिने रिक्षा थांबवली.

इकडे कोलशेतला आम्ही मजेत! सकाळी एक सर येऊन गेलेली, डंपरमधून सांडलेल्या मातीचा रस्त्यावर लोण्यासारखा चिखल झालेला. एका बाजूला झाडं, दुसऱ्या बाजूला खाजण, त्यापलीकडे खाडी. मामा म्हणाले, "तू दुरुस्त केलीस, पहिला मान तुझा. बस स्टिअरिंगवर."

मला गाडी येत होती का? येत होती ना! कंपनीची जीप मी आवारात बरेचदा मागेपुढे केलेली. मामा माझ्या शेजारी बसले. मागची सीट लहान मुलांच्या मापाची, तिथे अप्पांना घडी घालून बसवलं.

मी गिअर टाकणार, एवढ्यात आरशात एक रिक्षा दिसली. त्यातून नाना उतरले. माधवी उतरली. तिची आई उतरली. मला वाटलं, वा! आपला पराक्रम बघायला सगळं घर आलं! नाना गाडीच्या अगदी मागे येऊन दोन्ही हात हलवायला लागले.

"अविनाश! अरे थांब! थांब!"

काचा बंद. मला फक्त हलणारे हात दिसले. मीसुद्धा हात हलवला. आणि अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला.

इंजिन असं गरजलं की झाडावरचे बगळे उडाले. पण गाडी? गाडी जागची हलेना! मागची दोन्ही चाकं चिखलात गरागरा फिरायला लागली. तो सगळा चिखल कुठे गेला असेल? सरळ मागे! आधी नाना. मग माधवीची आई. मग माधवी. शेवटी रिक्षावाला, ज्याचा यात काहीएक संबंध नव्हता.

"पाय काढ! अरे पाय काढ!" मामा किंचाळले.

मी घाबरलो. आणि घाबरलेला माणूस काय करतो? पाय आणखी दाबतो!

तेवढ्यात चाकांना खालचं डांबर सापडलं. गाडीखालून 'धाड्!' असा आवाज आला, मागचा भाग एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे, आणि ती लाल गाडी बाणासारखी सुटली ती रस्ता सोडून, बांध ओलांडून, थेट खाजणात. नाक चिखलात, शेपूट वर. इंजिन बंद. सगळीकडे शांतता.

आम्ही तिघं धडधाकट होतो, हे आधी सांगतो. फक्त अप्पांचा चष्मा माझ्या मांडीवर येऊन पडलेला.

मी दार ढकलून बाहेर आलो तर गुडघाभर चिखलात उभा. बांधावर नाना. आता ते नानाच आहेत हे मी आवाजावरून ओळखलं, कारण चेहऱ्यावर फक्त डोळे शिल्लक होते.

"नोकरी गेली म्हणून जीव द्यायला निघालास होय रे?"

"नोकरी? कोणाची नोकरी?"

"तुझी! तू मॅनेजमेंट बंद पाडलंस ना?"

"अहो नाना, ते कंपनीचं नाही! गाडीचं मॅनेजमेंट!"

"गाडीला कसलं आलंय मॅनेजमेंट?"

तेव्हा मागच्या सीटवरून, त्या दिवसात पहिल्यांदाच, अप्पांचा आवाज आला.

"होतं. सकाळपर्यंत."

तेवढ्यात खाडीवरून जाळी घेऊन परतणारे गावातले लोक जमले. त्यातल्या एका आजींनी पदर खोचला आणि ओरडल्या, "आरं, बगताव काय नुसतं? भरती येतंय! गारी न्याची का ठेवाची मासल्यांना?"

मग काय, होडीचे दोर आले. सगळ्यांनी मिळून ओढायला सुरुवात केली. मीही ओढायला गेलो, तर मामा म्हणाले, "तू कशालाही हात लावू नकोस." पाणी चाकांपर्यंत आलं तेव्हा कुठे गाडी बांधावर आली. गिअरबॉक्सचा पार भुगा झालेला. दोर होते तसेच ठेवून ती रस्त्याने ओढत नेली, मामा शेजारून चालत होते, आणि त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

माधवी पदराने तोंड पुसत होती. मी तिच्याजवळ गेलो. म्हटलं, आता ही अंगठी घालायच्या आधीच परत करणार.

"माधवी, नोकरी शाबूत आहे माझी."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि एकदम हसत सुटली. इतकी हसली, इतकी हसली, की तिची आईसुद्धा चिखलाच्या आडून हसायला लागली. "अरे, मी रिक्षात किती रडले!" ती म्हणाली. "तुला धीर द्यायला काय बोलायचं, ते सगळं मनात म्हणत आलेले. आणि तू माझ्या तोंडावर चिखल उडवलास!"

नोकरी नसलेल्या माणसाकडे रिक्षा करून आलेली मुलगी होती ती.

अप्पांनी चष्मा पुसला आणि नानांना म्हणाले, "मुलगा चांगला आहे. फक्त कंपनीत याला कशाला हात लावू देतात, ते एकदा मला विचारायचंय."

साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. लग्नही झालं. मामांनी गिअरबॉक्स नवा बसवला, मॅनेजमेंट पुन्हा चालू केलं आणि तो डबा बँकेच्या लॉकरमध्ये, मामींच्या दागिन्यांशेजारी नेऊन ठेवला.

मग आली पहिली दिवाळी. दिवाळसणाला जावयाला काहीतरी घसघशीत मिळतं, मित्रांपैकी कोणाला स्कूटर, कोणाला अंगठी. मीही नवा शर्ट घालून, आशेने पाटावर बसलो. ओवाळणी झाल्यावर अप्पा मला खाली आवारात घेऊन गेले. तिथे झेंडूची माळ घातलेली एक कोरी करकरीत सायकल उभी! काळी, भक्कम, बिनगिअरची.

मी म्हटलं, असू दे, प्रेमाने दिलीय. सीटखालची छोटी कातडी पिशवी उघडली. नव्या सायकलबरोबर तिच्यात एक पाना येतो बघा.

तो अप्पांनी आधीच काढून ठेवलेला!