उंबऱ्यावरची बाई

आमच्या पक्षाच्या तालुका समितीत नव्या माणसाचं स्वागत दणक्यात होतं. बाहेरच्या खोलीत अध्यक्ष गळ्यात शेला घालतात, फोटो होतो, चुरमुऱ्याचा सुसला आणि चहा मिळतो. पूर्वी मग जुनी मंडळी आतल्या खोलीत जायची, मी दार लावायचो आणि खरी बैठक सुरू व्हायची. तिथं काय ठरलं ते नव्यांना नंतर कळायचं. बहुतेक वेळा कळायचंही नाही.

मागच्या वर्षी मंठाळहून एक बाई आली. तिनं सांगितलेलं नाव टाळ्यांत बुडालं. सुसल्याची बशी तिनं तशीच खाली ठेवली, पदर खोचला आणि आमच्या मागोमाग येऊन आतल्या उंबऱ्यावर बसली.

"अक्का, तुमचं झालं. आता घरी जावा," अध्यक्ष म्हणाले.

"कामून? सुसला माझ्या घरी बी होतोय, अण्णा. मी बैठकीला आले. गावात मतं मागत मी फिरायचं, अन् इथं काय ठरायलंय ते मला कळू द्यायचं न्हाई?"

अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं. ती उठल्याशिवाय दार लागणार नव्हतं, आणि ती तर शेल्याची टोकं सारखी करत निवांत बसली होती. बाकीचे नवे लोक बशा घेऊन तिच्यामागं येऊन उभे राहिले. मी कडीवरचा हात काढला.

अध्यक्ष अजून प्रत्येक बैठकीत मला म्हणतात, "दार लाव."

"लावतो," मी म्हणतो, आणि बसून राहतो.