नलूआत्याला एकदा हरवायचं होतं

कॅरमला बसण्याआधी नलूआत्या उजव्या हाताची बोटं पदराला तीनदा पुसायची. चौथ्यांदा पुसली की आम्ही समजायचो, आज आपली धडगत नाही.

पेणला ती आमची शेजारीण. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची. दिवसभर केसाएवढ्या बारीक रेषा काढणारी ती बोटं संध्याकाळी आमच्या ओटीवर स्ट्रायकरला लागली की सोंगट्या निमूट पॉकेटात जायच्या. मी दातओठ खाऊन मारायचे आणि माझा स्ट्रायकर उडून अंगणात पडायचा. "जोर कोनाला दाखवतंस गो? सोंगटी काय पळून चाललीय?" ती विचारायची. पोरांना जिंकू देणं तिला ठाऊकच नव्हतं. मी रडले तरी शेवटची सोंगटी घेऊनच उठायची. इतकी वर्षं खेळले, पण एकही डाव जिंकले नाही!

बोर्डावर टाकायला ती कारखान्यातलं शंखजिरं, ती गुळगुळीत पांढरी पूड, आणायची. एकदा ती नसताना मी शहाणपणा केला. तिथलाच एक डबा उचलून आणला, त्यातलं पांढरं पीठ बोर्डभर ओतलं आणि धांदलीत वर पाण्याचा तांब्या लवंडला. ते निघालं प्लास्टर. तासाभरात राणी बोर्डाच्या मधोमध कायमची बसली. आत्या आली, बघितलं आणि फतकल मारून हसत सुटली. "कारखान्यात एवढी वर्षं काढली, पन राणीची मूर्ती कोनी केली नव्हती!" मग तिनेच ते खरवडून, पॉलिशपेपर मारून बोर्ड नीट केला.

लग्न होऊन मी रोह्याला आले आणि कॅरम सुटला. मागच्या महिन्यात लेकीसाठी नवा बोर्ड घेतला, तर वेड मलाच लागलं! कुकरच्या तीन शिट्या होईपर्यंत एक डाव, कपडे वाळत घालायच्या आधी एक डाव. नखं दुखायला लागली. हात बसला तसं एकच डोक्यात घोळू लागलं, नलूआत्याला एकदा खरोखर हरवायचं. रविवारी एस.टी.त बोर्ड पायाशी उभा धरून मी पेण गाठलं.

आत्या आता पंचाहत्तरीची. हात कापतो म्हणून आखणी सोडलेली. बोर्ड बघताच म्हणाली, "बघतंस काय? मांड की!"

डाव असा रंगला म्हणून सांगू! तिचे नेम चुकत होते, पण मधेच तिने एक कट असा मारला की मी ओरडलेच. शेवटी राणी माझ्याकडे आली आणि माझी एकच पांढरी सोंगटी उरली, तीही पॉकेटच्या तोंडाशी. फुंकर मारली तरी गेली असती. समोर तिच्या चार काळ्या होत्या, आणि थरथरणारा हात तिने पदराखाली घेतला होता. मला काय झालं कोण जाणे. मी नेम तिरका धरला आणि सोंगटी चुकवली.

आत्याने स्ट्रायकरला हात लावला नाही.

"मुद्दाम चुकवलंस."

"नाही गं आत्या, सुटला हातातून."

"हजारो डोळे आखलेत मी. मनगट खोटं वळलेलं मला कळत नाय व्हय? हात कापतो म्हनून माझी कीव करतंस? तू रडायचीस, तवा मी केली होती तुझी?" तिने स्ट्रायकर माझ्यापुढे सरकवला. "मार नीट. नायतर उचल बोर्ड आनि जा रोह्याला."

माझे कान तापले. लाज वाटली, मनापासून वाटली. स्ट्रायकर रेषेवर ठेवला, बोटं पदराला पुसली, तरी ती सोंगटी कोसभर लांब दिसू लागली. श्वास रोखला आणि मारलं. सोंगटी काठाला लागली, डगमगली आणि पडली.

आत्या ताडकन उठली, दारात गेली आणि समोरच्या घराकडे बघून तिने अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी हाक दिली. "अगो, बाहेर या सगळ्या! हरवलंन मला! माझ्या पोरीनं मला हरवलंन!"