टाळ्यांनी तुटणारी क्रियापदं

आमच्या फ्रेंचच्या मॅडम कुठलंही क्रियापद आधी टाळ्यांनी तोडून घेत. 'पार-लों', दोन टाळ्या. 'फि-नि-सों', तीन. शेवटचा सूर नाकातून नीट उमटेपर्यंत त्या पुढे जात नसत. परदेशातल्या नोकरीसाठी मला फ्रेंचची परीक्षा द्यायची होती, म्हणून मी भर दुपारी रुआबांधा वस्तीत त्यांच्या घरी जायची. "घाई कावून करून राहिली?" त्या म्हणायच्या. "शब्द तुटू दे आधी. मग जुळते आपोआप."

लिहिलेली अक्षरं न उच्चारणं मला जमत नसे. 'ते बोलतात' म्हणताना शेवटची मुकी अक्षरंही मी वाचायची. मॅडम ओठांवर बोट ठेवायच्या. "मुके असले तरी घरचेच आहेत ते. खोडायचे नाही, बोलवायचेही नाही." हे सांगताना त्यांची नजर आतल्या खोलीकडे जाई. तिथे त्यांचे यजमान, काका, पडून असत. स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचाच गेली.

औषधांनी काही होईना, तेव्हा मॅडम काकांच्या उशाशी बसून टाळ्या वाजवू लागल्या. मराठी शब्द येईनात, म्हणून मला शिकवत तीच क्रियापदं त्यांनी घेतली. एका दुपारी आतून घोगरा आवाज आला, "आ-तां-दों." आपण वाट पाहतो. मॅडम रडू लागल्या. माझ्या अंगावर मात्र काटा आला. ज्यांना फ्रेंचचा गंध नव्हता, त्या काकांचा उच्चार हुबेहूब मॅडमचा होता.

त्या हिवाळ्यात तापाचं निमित्त होऊन मॅडमच गेल्या. भेटायला गेले, तर फाटकातच पाय थबकले. आत शिकवणी चालू होती. टाळ्या, शब्द, उत्तरापुरती शांतता, मग पुढचा शब्द.

काका एकटेच खुर्चीत बसवलेले होते, तोंड स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे. त्यांचा मुलगा हळूच म्हणाला, "आई गेली तेव्हापासून हेच चालू आहे. थांबतात, ऐकतात, मान हलवतात. मले तर भेव वाटते."

मी बसले. काकांनी एक शब्द म्हटला, थांबले, नापसंतीनं मान हलवली आणि तोच शब्द पुन्हा म्हटला. कोणाचं चुकलं होतं? मी तर तोंड उघडलं नव्हतं.

मग त्यांनी चांगल्या हातानं मांडीवर हळूहळू टाळ्या वाजवल्या.

"सु-लो-च-ना."

जन्मभर 'अवं' म्हणून हाक मारलेल्या बायकोचं नाव. मुलाला हुंदका फुटला. काकांनी हात वर करून त्याला गप्प केलं, आणि आम्ही तिघंही त्या दाराकडे कान देऊन बसलो.