लेकीबरोबर दाबाच्या खोलीत

त्या रविवारी सकाळी लेकीच्या डोक्याला तेल चोळून मी तिला न्हायला पाठवलं. कोयनानगरची थंडी, म्हणून न्हाणीघराची खिडकी लावलेली. गॅस गिझर चालू होता. बराच वेळ झाला तरी ती बाहेर येईना. हाक मारली, ओ नाही. सासऱ्यांनी दार मोडलं. ती फरशीवर पडलेली, श्वास चालू होता.

"आदी भाईर वाऱ्याला आण तिला," सासरे ओरडले.

कऱ्हाडला डॉक्टरांनी रक्त तपासून ऑक्सिजन लावला. गिझरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तात भिनलाय, म्हणाले. ना वास, ना रंग. सांगलीला दाबाखाली ऑक्सिजन देतात, तिथं हा वायू रक्तातून लवकर निघेल. मी मान हलवत होते. ते दुसऱ्याच कुणाला तरी सांगतायत असं वाटत होतं.

सांगलीच्या दवाखान्यात गोल खिडक्यांची एक लोखंडी खोली होती. लेकीनं डोळे उघडले होते, पण मला ओळखत होती की नाही, कळेना. ती लहान म्हणून मलाही तिच्याबरोबर आत बसायचं होतं. नर्सबाईंनी माझं मंगळसूत्र, पिना, मोबाइल काढून घेतले. लेकीच्या केसांना हात लावून त्या थबकल्या.

"आवं ताई, तेल हाय ह्यात. आत ऑक्सिजनमुळं लगेच पेट घेतं. धुवावं लागंल."

मी स्ट्रेचरवरच तिचे केस धुतले. साबण लावला, पाणी ओतलं, परत लावला. हात आपोआप चालत होते. रडू आलं नाही.

दार लागलं. हवा भरत गेली तशी खोली गरम झाली आणि घाटात बसतात तसे कानांना दडे बसले. लेकीच्या डोक्यावर ऑक्सिजनची पारदर्शक टोपी. तिचा हात कानाकडे गेला.

"थुंकी गिळ," मी खुणेनं सांगितलं. तिनं गिळली.

मध्ये थोडा वेळ टोपी काढली, तेव्हा ती म्हणाली, "आई, शाळा बुडली का गं?"

"न्हाई. आज रविवार हाय."

पुन्हा टोपी चढवली.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. तो फौजेत, लांब सरहद्दीवर. "कशी हाय?"

"बोलली."



दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा आत बसलो, मग घरी सोडलं. सासऱ्यांनी गिझर काढून अंगणात बंब मांडला. काही दिवस ती पाढे म्हणताना मध्येच अडायची. आता अडत नाही.