पेगन म्हणवून घेणारी शेजारीण

दोन हजार एक साली आम्ही अमेरिकेत, हर्नडनला टाउनहाउस घेतलं आणि त्याच वर्षी मला पहिल्यांदा कुणीतरी पेगन म्हणालं. म्हणणारी बाई वाईट नव्हती. तिची मुलगी आणि माझी मुलगी एकाच किंडरगार्टनमध्ये होत्या. दोघी आमच्याकडे खेळत होत्या आणि ती आपल्या मुलीला न्यायला आली होती. फायरप्लेसच्या वरच्या फळीवर मी देव मांडले होते. सासूबाईंनी दिलेला पितळी गणपती, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा. त्या बाईने देवांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसून विचारलं, "अच्छा, म्हणजे तुम्ही पेगन आहात?"

आवाज गोड होता, पण मुलीचं मनगट तिने घट्ट धरलं होतं.

मला त्या शब्दाचा नेमका अर्थ माहीत नव्हता. ती गेल्यावर डिक्शनरी काढली. ख्रिस्ती नसलेला, मूर्तिपूजक, ज्याला धर्म नाही असा. मी नागपूरची, एमएस्सी झालेली, पूजा केल्याशिवाय चहासुद्धा न घेणारी बाई, आणि मला धर्म नाही! नवरा म्हणाला, "सोड ना यार, तिला काय कळतंय." पण तिची मुलगी परत कधी आमच्याकडे खेळायला आली नाही. महिन्याभराने मी देव उचलले आणि वरच्या मजल्यावर टॉवेल-चादरींच्या कपाटात ठेवले. पूजेच्या वेळी दार उघडायचं, पूजा झाली की लावून घ्यायचं.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक बाई एकटी राहायची. पन्नाशीची, उंच, एका पाळणाघरात शिकवणारी. पुढच्या वर्षी वसंतात एका दुपारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, तर कुंपणापलीकडे ती जमिनीवर बसलेली. समोर सपाट दगड, त्यावर मेणबत्ती, डॅफोडिलची फुलं, पाण्याची वाटी. मी न राहवून म्हटलं, "पूजा?"

ती दचकली. गळ्यातली, तारा अडकवलेली साखळी तिने पटकन स्वेटरच्या आत सारली. मग कुंपणाजवळ येऊन हळूच म्हणाली, "मी पेगन आहे. प्लीज, कुणाला सांगू नकोस. पाळणाघरात कळलं तर पंचाईत होईल."

ज्या शब्दामुळे मी महिनाभर झोपले नव्हते, तो शब्द ही बाई आपणहून स्वतःला लावत होती. ख्रिस्ती धर्माआधीचे देव, ऋतू आणि झाडं पुजणारे काही लोक इथे स्वतःला पेगन म्हणवतात, हे मला नंतर कळलं. मला हसू आलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. आपल्याहून जास्त लपवणारं कुणीतरी शेजारी आहे, याचं बरं वाटलं. मी तिला घरात नेलं आणि कपाटाचं दार उघडून देव दाखवले. तिने हात जोडले. हात जोडायला तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

तिथून आमची मैत्री झाली. मी टेस्टिंगमध्ये होते. सॉफ्टवेअर रिलीजचा आठवडा आला की घरी यायला आठ वाजायचे. मुलगी शाळेतून तिच्याकडे जायची. तिला मावशी म्हणायला मीच शिकवलं. शेजारणीला तो शब्द इतका आवडला की ती स्वतःच फोनवर "मावशी बोलतेय" म्हणायची. दुसऱ्या वर्षी तिने पाळणाघर सोडलं आणि ती एका रोपवाटिकेत काम करू लागली. मी कारण विचारलं नाही. मला वाटलं, झाडांची आवड आहे, म्हणून गेली असेल.

मग हळूहळू सगळं पालटलं. कसं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पुस्तकांच्या दुकानात तिच्या पंथाच्या पुस्तकांचं वेगळं कपाट झालं. लोक तिला सर्दीवर कोणता पाला चांगला, असं विचारायला येऊ लागले. तिच्या साखळीतला पाच कोनांचा चांदीचा तारा, तिच्या पंथाची खूण, स्वेटरच्या आतून बाहेर आला. गावातल्या एका वृत्तपत्राने तिच्यावर अर्धं पान लिहिलं. फोटोत ती तिच्या अंगणात, त्याच दगडामागे. बातमीत पेगन हा शब्द कॅपिटल पी घालून छापला होता, जसा ख्रिश्चन छापतात, जसा हिंदू छापतात. मी ते पान दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचायला घेतलं तेव्हा नवरा म्हणाला, "काय शोधतेयस त्यात?"

मी काय शोधत होते? मी जळत होते, एवढंच मला कळत होतं. हा शब्द मला टोचला होता. माझ्या पितळी गणपतीला पाहून तो उच्चारला गेला होता. आणि हिने तो उचलून दागिन्यासारखा गळ्यात घातला, वर लोक म्हणतात किती सुंदर! तिच्या अंगणात दर शरदात मेळावा भरू लागला. त्याला कोण आलं असेल? तीच मनगट धरणारी बाई. मला पाहून तिने आनंदाने हात हलवला. तिला काही आठवतही नव्हतं.

मी त्या रविवारी देव खाली आणून फायरप्लेसवर मांडले. मुलीला हाक मारली. तिने पाहिलं, "ओके" म्हणाली आणि शेजारी निघून गेली.

माय मरो आणि मावशी जगो म्हणतात. लहानपणी ती म्हण मला गमतीची वाटायची.

मुलगी पाचवीत गेली. शाळेत प्रत्येकाने आपल्या घरच्या एका सणावर बोलायचं होतं. मी उकडीच्या मोदकांचा साचा मागवला, भाषण लिहून दिलं, ती हो हो म्हणाली. वर्गात मी मागच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर एकवीस मोदकांचा डबा. मुलगी उठली आणि इंग्रजीत सांगू लागली, दर ऑक्टोबरच्या शेवटी ती मावशीच्या अंगणात जाते, तिथे सगळे शेकोटीभोवती बसतात आणि आपापल्या घरच्या गेलेल्या माणसांची नावं घेतात. "मी आईच्या आजीचं नाव घेते," ती म्हणाली. "ती कधी शाळेत गेली नव्हती, पण तिला तीनशे ओव्या पाठ होत्या."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आजीबद्दल तिला मीच सांगितलं होतं. पितृपक्षात मी दर वर्षी आजीच्या नावाने पान वाढायची, तेव्हा ही टीव्ही बघत असायची. आजीचं नाव घ्यावंसं तिला वाटलं ते दुसऱ्या बाईच्या अंगणात.

घरी आल्यावर मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि कॉलनीच्या असोसिएशनला निनावी पत्र लिहिलं. अमुक घरी उघड्यावर आग पेटवतात, धूर होतो, अनोळखी गाड्या लागतात, लहान मुलांना विचित्र विधींना बसवतात. प्रिंट काढलं आणि त्यांच्या पेटीत टाकून आले. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

दोन आठवड्यांनी शनिवारी दुपारी शेजारीण आली. असोसिएशनने तिला पत्राची प्रत पाठवली होती. तिने ती माझ्या ओट्यावर ठेवली आणि शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं.

"एवढं एक वाक्य मला कळत नाही. तुला कळेल असं वाटलं."

शेवटची ओळ होती, 'काइंडली डू द नीडफुल.'

'योग्य ती कार्यवाही करावी' याचं हे आपल्याकडच्या कचेऱ्यांतलं इंग्रजी; अख्ख्या कॉलनीत ते लिहिणारी दोनच माणसं होती, मी आणि माझा नवरा. तिथेच बसलेल्या नवऱ्याने पत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो वर गेला.

"मी लिहिलं," मी म्हटलं.

"ते मला माहीत आहे. का लिहिलंस?"

मग मी सगळं ओकले. शब्द, मनगट, कपाट, वृत्तपत्र, आजी. "तू तो शब्द घेतलास तर तुझा फोटो छापून आला. आम्हाला तो मिळाला तर आम्ही देव टॉवेलांच्या मागे ठेवले. आणि आता तर माझी मुलगीपण तुझीच."

"पाळणाघर मी सोडलं असं तुला वाटतं का?" ती म्हणाली. "एका आईने माझ्या गळ्यातला तारा पाहिला. त्याच आठवड्यात मला काढलं. चौदा वर्षं होते मी तिथे. तू चार वर्षांत एकदाही विचारलं नाहीस."

ती गेली. पत्र ओट्यावरच राहिलं.

सोमवारी मी असोसिएशनला दुसरं पत्र दिलं, यावेळी सही करून. आधीची तक्रार माझी होती, त्यातला मुलांबद्दलचा मजकूर खोटा होता, मी ती मागे घेते. तरी मीटिंग झालीच. मी मागे उभी राहिले. मनगट धरणारी बाई उठून म्हणाली, "ती पेगन आहे, मग काय झालं? ती आपली शेजारीण आहे." लोकांनी माना डोलावल्या. त्या क्षणीसुद्धा, अपराधी असून, मला हेवाच वाटला. माझ्यासाठी कुणी असं उठलं असतं तर देव कपाटात गेलेच नसते. पण मी तरी कुणाला कधी काय सांगितलं होतं!

बाहेर पडताना दोन-तीन जणींनी माझ्याकडे पाहणं टाळलं. ते मला भोगायचंच होतं.

मुलीला मीच सांगितलं. ती रडली नाही. "बट व्हाय, आई?" एवढंच विचारत राहिली. मग मी तिला ती जुनी दुपार सांगितली. ती पाच वर्षांची होती, तिला काहीच आठवत नव्हतं. "यू शुड हॅव टोल्ड मी," ती म्हणाली. पुढच्या पितृपक्षात मी पान वाढत असताना ती येऊन शेजारी उभी राहिली. तिने आजीच्या ओव्यांपैकी एक तरी सांग म्हटलं. मला दोनच येत होत्या.

शेजारीण पाच महिने बोलली नाही. मुलगी जायची यायची, तिला तिने कधी अडवलं नाही. मग एप्रिलात ती टोमॅटोची रोपं घेऊन दारात आली. "जास्त झालीत," म्हणाली. मी आत ये म्हटलं. ती आली, चहा प्याली, पण पूर्वीसारखी स्वयंपाकघरात येऊन नाही, पाहुण्यासारखी सोफ्यावर बसून. पुढे आम्ही बोलायला लागलो. पूर्वीइतकं मोकळं मात्र कधीच झालं नाही.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात ती बहिणीजवळ ओरेगनला राहायला गेली. सामान भरायला आम्ही तिघंही गेलो. मुलगी तिच्या गळ्यात पडून हुंदके देत रडली. मी भारतात एकटी महिनाभर गेले होते तेव्हा हीच मुलगी विमानतळावर नुसता हात हलवून गाडीत बसली होती. ते मला आठवलं आणि जुनी जळजळ पुन्हा वर आली. मी कुंड्यांचं खोकं उचललं आणि ट्रकमध्ये नेऊन ठेवलं. अजून सहा खोकी होती. तीही नेली.