राहू केंद्राचा खांब

ते सॉफ्टवेअर मी निवडलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल की मी कुठेतरी लांब उभी होते. निवड माझी, शिफारशीखाली सही माझी, आणि 'लांबूनही स्पष्ट दिसते' हे कारणही माझ्याच अक्षरात लिहिलेलं.

मी शिरूरच्या एका दूध संघात संगणक विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी, दोन कॉम्प्युटर आणि पावसाळ्यात कागद चावणारा एक प्रिंटर. पाबळ, निमोणे, राहू अशा गावांमधून आमची संकलन केंद्रं आहेत. तिथे सकाळ-संध्याकाळ शेतकरी दूध घालतात, मशिनवर प्रत्येकाच्या दुधाचं फॅट, म्हणजे स्निग्धांश, मोजलं जातं आणि ते आकडे माझ्याकडे येतात. दर महिन्याला संचालकांच्या मीटिंगला मी त्यांचे जाडजूड तक्ते घेऊन जायचे. ते कोणी वाचत नसे. पहिल्या पानावर चहाचा कप टेकवला जाई, आणि मीटिंग संपली की कपाचे गोल डाग पडलेली पानं गोळा करणं हेही माझंच काम.

मग एका मीटिंगला अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, ह्ये वाचायला कुनाला येळ हाय? भिंतीवर चित्रात दाखवा. तसली सॉफ्टवेअरं असत्यात म्हणं. बघा एखादं चांगलं."

अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणतात. माणूस मोठा, मनानंही वाईट नाही. मला तर त्या दिवशी ते देवमाणूसच वाटले, कारण इतक्या वर्षांत मला कोणी काही निवडायला सांगितलं नव्हतं. मी महिनाभर झपाटल्यासारखी कामाला लागले. घरी मुलाला डबा भरून देताना एका हातात मोबाइल धरून मी आलेखांचे व्हिडिओ बघायचे. शेवटी तीन सॉफ्टवेअर उरली. पहिल्यात सगळं होतं, पण त्याला चोवीस तास नेट हवं होतं आणि आमचं नेट लाइटबरोबर जातं. दुसरं फुकट होतं, साधंसुधं. त्यातले खांब शून्यापासून सुरू व्हायचे, त्यामुळे सगळी केंद्रं जवळजवळ सारख्या उंचीची दिसायची. ती सारखी होतीच, म्हणून तशी दिसायची. तिसरं पुण्याच्या कंपनीचं होतं. ते सॉफ्टवेअर आकडे बघून स्वतःच ठरवायचं की खांब कुठून सुरू करायचा, म्हणजे फरक उठून दिसेल. मला ते माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण मी तक्त्यात त्या सोयीपुढे बरोबरची खूण केली होती.

त्यामागे एक कारण होतं, आणि ते संघात कोणीच बोलून दाखवत नव्हतं. आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन ते दर वर्षी पुढे ढकलायचे आणि मीटिंगला चष्माही लावायचे नाहीत. त्यांची खुर्ची टेबलाच्या टोकाला, भिंतीपासून सगळ्यात लांब. ती खुर्ची पुढे सरकवायला सांगायची कोणाची छाती नव्हती. त्यातून हॉलचा पडदा फाटलेला, त्यातून ऊन थेट चित्रावर यायचं. फुकटवाल्या सॉफ्टवेअरचा डेमो झाला तेव्हा आप्पांनी डोळे बारीक केले आणि म्हणाले, "सगळं येकसारखंच दिसतंय. ह्यात काय बघायचं?" दोन संचालकांना डुलकी लागली. पुणेवाल्याचा डेमो सुरू झाला तेव्हा एक खांब छताकडे गेला, एक गुडघ्याएवढा राहिला, आणि आप्पा खुर्चीत सरसावून बसले. "ह्ये बघा! ह्ये हितनं बी दिसतंय."

मग रंगांवरून तासभर गेला. भगवा घेतला तर अमक्यांचा, हिरवा घेतला तर तमक्यांचा, संघाची निवडणूक तोंडावर आलेली. मी घाईत निळा लावला, तर एक संचालक हसत म्हणाले, "मॅडमनी आपला रंग बरूबर लावला!" सगळे हसले. मी बौद्ध आहे हे सगळ्यांना माहीत आहे आणि ते मला माहीत आहे हेही सगळ्यांना माहीत आहे. मीही हसले. असल्या वेळी हसायची मला सवय आहे, आणि घरी गेल्यावर त्या हसण्याचा राग भांड्यांवर काढायचीही. शेवटी खांबांना शेणासारखा तपकिरी रंग द्यायचं एकमतानं ठरलं.

आता राहूच्या मामांबद्दल सांगायला हवं. ते राहूचं केंद्र चालवायचे. माझं त्यांच्याशी नातं नाही, पण नोकरीला लागले तेव्हा पहिला महिना मला तिकडे शिकायला पाठवलं होतं. शिरूरहून न्हावऱ्यावरून भीमेचा पूल ओलांडून जायचं, आणि पोचेपर्यंत मामांनी निम्म्या गावाचं दूध घेतलेलं असायचं. त्यांनी मला मशिन शिकवलं, आणि मशिनमध्ये नसलेलं बरंच काही शिकवलं. "आकडा नुसता बगायचा न्हाई," ते सांगायचे, "गाईनं काय खाल्लंय त्ये इचारायचं. आमच्या राहूला पानी हाय, उसाचं वाढं हाय, घास हाय. हिरव्यावरच्या गाईचं दूध लई, पन फॅट जरा कमी. तुमच्या पाबळला कडबा. तितं दूध कमी, पन दाट. दोन्ही बी खरं दूधच."

मामाही आमच्याच समाजाचे. राहूसारख्या गावात, जिथे शेती आणि सोसायटी मोठ्या घरांची, तिथे बौद्ध वस्तीतल्या माणसाच्या केंद्रावर सगळं गाव रांगेत उभं राहून दूध घालायचं. सुरुवातीला घालत नव्हतं. मामांनी ते कसं घडवून आणलं हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. पण मोठ्या बागायतदाराची बायको किटली त्यांच्या हातात देऊन मागे न बघता निघून जायची, ते मी रोज बघितलं आहे. त्या केंद्रातून मामांनी काही कमावलं असेल तर ते हे होतं.

नवीन सॉफ्टवेअरवरच्या पहिल्या मीटिंगला मी नवी साडी नेसून गेले. बटण दाबलं आणि भिंतीवर खांब उभे राहिले. पाबळचा वर छताला, निमोण्याचा त्याच्या खालोखाल, आणि राहूचा पाबळच्या निम्म्याहूनही कमी. पाबळचं फॅट होतं तीन पॉइंट आठ. राहूचं तीन पॉइंट पाच. खांब सुरू होत होता तीन पॉइंट तीनपासून. हे डाव्या कडेला बारीक करड्या अक्षरात लिहिलेलं होतं, आणि ते माझ्याशिवाय कोणालाही दिसत नव्हतं.

"राहू निम्म्यावर बी न्हाई," एक जण म्हणाले.

"निम्मं दूध, निम्मं पानी," दुसरे म्हणाले, आणि हशा झाला. मग हशा थांबला आणि सगळे त्या खांबाकडे बघत राहिले.

मी उभी राहिले. "आप्पा, हा खांब पूर्ण नाही. खालचा भाग कापलेला आहे."

"कुनी कापला?"

"सॉफ्टवेअरनं."

"का?"

"फरक दिसावा म्हणून."

"मग फरक हाय न्हवं?"

"आहे, पण थोडा आहे."

"दिसतोय तर लई." आप्पा चिडलेले नव्हते. एखाद्या पोराचं गणित तपासावं तशा शांतपणे ते बोलत होते.

मी म्हटलं, पाणी घातलं असतं तर डिग्री पडली असती. डिग्री म्हणजे दूध किती घट्ट आहे ते सांगणारा आकडा, पाणी पडलं की तो लगेच खाली येतो. राहूची डिग्री कधीच खाली आली नव्हती. त्यावर एक संचालक म्हणाले, "डिग्री काय, मीठ-साखर टाकून बी आनत्यात." मी म्हटलं, तिकडे चारा हिरवा आहे, त्यामुळे फॅट कमीच बसतं, दर वर्षीचे तक्ते काढून बघा. तेव्हा तेच संचालक माझ्याकडे वळले आणि अगदी गोड आवाजात त्यांनी विचारलं, "तुमचे पाव्हणे लागत्यात का मॅडम?"

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. मी 'नाही' म्हणाले, आणि ते 'नाही' म्हणाल्याक्षणी मला कळलं की आता मी पुढे जे काही बोलेन ते मामांच्या विरोधातच जाईल. मी खाली बसले. इतकी मेलेली मी आयुष्यात कधी खाली बसले नव्हते.

ठराव झाला की राहूचं केंद्र बंद करावं, मशिन जमा करून घ्यावं आणि शेतकऱ्यांनी शेजारच्या गावातल्या केंद्रावर दूध घालावं. आप्पांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. बाहेर पडताना ते माझ्याजवळ थांबले. "चांगला मानूस व्हता. पन मॅडम, आता डोळ्यांनी बगितलंय, काय करनार?" ज्यांना समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत नव्हतं, ते हे मला सांगत होते.

मशिन पुढच्या महिनाअखेरीला जमा व्हायचं होतं आणि त्याआधी आणखी एक मीटिंग होती. मी ठरवलं, बोलायचं नाही, दाखवायचं. सेटिंगमध्ये शिरून मी खांब शून्यापासून सुरू केले. भिंतीवर सगळी केंद्रं खांद्याला खांदा लावून उभी राहिली, राहू पाबळपेक्षा बोटभर कमी. मला वाटलं, आता बोलायची गरजच नाही.

आप्पांनी डोळे बारीक केले. "बिगडलं का?"

"नाही आप्पा, हेच बरोबर आहे."

"मागच्या टायमाला तर झ्याक दिसत व्हतं." त्यांनी लगेच पुण्याला फोन लावायला लावला. फोन स्पीकरवर होता. पलीकडून कंपनीचा विक्रीवाला म्हणाला, "सर, कोणीतरी सेटिंग बदललंय." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पाच मिनिटांत त्यानं तिकडूनच सगळं पूर्ववत केलं. राहूचा खांब माझ्या डोळ्यांदेखत खाली बसला. सेटिंगचा पासवर्ड तेव्हापासून मॅनेजरकडे आहे. मला कोणी रागावलं नाही. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं.

महिन्याच्या शेवटी, भर दुपारी, मामा मशिन घेऊन आले. धुतलेल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं. नळ्या स्वच्छ केलेल्या, वायर नीट गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली. इतकं स्वच्छ मशिन आमच्याकडे कोणी जमा केलेलं नाही. मी पाणी दिलं. ते प्यायले, आणि म्हणाले, "पोरी, त्ये चित्र मला दाव की. गावात सगळी म्हंत्यात, तुझं चित्रात आलंय. म्या बगितलंच न्हाई."

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. कोणता खांब त्यांचा हे मला सांगावं लागलं नाही. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"येवढंच?" ते म्हणाले.

"मामा, ते तसं नाही," मी घाईघाईनं सांगायला लागले. खालचा भाग कापलेला आहे, फरक फक्त पॉइंट तीनचा आहे, तुम्हीच नाही का मला शिकवलं, वाढं आणि कडबा. ते मान हलवत होते. सांत्वनाला आलेल्या माणसापुढे हलवतात तशी.

"मला येक कागद काढून दे," ते म्हणाले. "घरी दावतो. तुझी मामी सारखं म्हंती, तुमी काय बी वाईट केलं न्हाई. तिला बी बगू दे."

मी तो छापला. मग ते फुकटचं सॉफ्टवेअर उघडलं, ते अजून माझ्या कॉम्प्युटरवर होतं. तेच आकडे त्यात टाकले आणि दुसरा कागद काढला, शून्यापासूनचा, खरा. दोन्ही त्यांच्यासमोर ठेवले. दुसऱ्यावर बोट ठेवून म्हटलं, "मामा, हा न्या. हा बरोबर आहे."

त्यांनी दोन्ही कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरले. आधी एक बघितला, मग दुसरा. माझ्या कागदावर त्यांची नजर थांबली तेव्हा मला वाटलं, समजलं त्यांना. माझे डोळे भरून आले.

"ह्यो तू माझ्यासाठी केलास," ते म्हणाले. आवाजात माया होती. "आपलं मानूस म्हनून केलास. पन नको, पोरी. उद्या कुनी बगितलं तर तुझी नोकरी जाईल." त्यांनी तो कागद माझ्या टेबलावर पालथा ठेवला. "मला खरा तेवढा दे."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. बोलले असेन. खूप बोलले असेन.

पहिल्या कागदाची त्यांनी चौकोनी घडी घातली. "वीस वर्सं ह्या हातानं दूध घेतलं," ते म्हणाले, "आन् मला कवा कळलंच न्हाई." घडी बंडीच्या खिशात ठेवून त्यांनी मशिन जमा केल्याच्या पावतीवर सही केली, आणि ते राहूच्या गाडीची चौकशी करायला बाहेर गेले.