नाळ पुरलेली जागा आम्ही दाखवणार नाही

दक्षिण ध्रुवापर्यंत पायी गेलेली बाई आर्वी तालुक्यातली आहे, हे आता आमच्याकडे कोणीही सांगतं. मग सरकारी खात्याने तिच्या बालपणाची ठिकाणं दाखवायची सहल काढली. तिचं जन्मस्थान, तिची शाळा, ती पोहायला शिकली ती विहीर. प्रत्येक ठिकाणी निळी पाटी. शिवाय जन्मस्थानापर्यंत डांबरी रस्ता.

जन्मस्थानाची पाटी लागली तिच्या वडिलांच्या गावात. तिथे रस्ता आधीपासून होता.

मी पहिल्याच सहलीत बसले. विहिरीवर सगळ्यांनी फोटो काढले. मी सांगून टाकलं, की या विहिरीत पोरींना कोणी उतरू देत नव्हतं, ती आमच्या नाल्यात पोहायला शिकली. सरपंच हसत म्हणाले, "झाली सुरू हे. बाई, तू सहलीले आली का मोर्च्याले?"

"दोन्हीले, काका. तिकीट एकच लागते."

घरी येऊन पत्रक लिहिलं आणि वर्ध्याच्या बस स्टँडवर वाटलं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे पाट्या लावणाऱ्यांपैकी एकालाही आठवू नये? यांच्या स्वतःच्या बायका कुठे गेल्या होत्या बाळंत व्हायला? ती जन्मली तिच्या आईच्या माहेरी, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गोंड वस्तीवर. आमच्या वस्तीला रस्ता नाही. फाट्यावर उतरायचं आणि नाल्यातून चालत यायचं. पावसाळ्यात आजारी माणसाला बाजेवर घालून फाट्यापर्यंत न्यायचं. माझ्या वहिनीला दिवस गेलेले आहेत. दुसरं बाळंतपण, म्हणजे माहेरी नाही, इथेच. ऐन पावसाळ्यात.

पत्रक झोंबलं असावं. खात्याचे साहेब स्वतः आले, बूट हातात घेऊन, नाल्यातून. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "घर तर पडून गेलं. जन्म इथेच झाला याची एखादी खूण दाखवा. पाटी हलवतो, रस्त्याचं पत्र मीच लिहितो."

खूण होती. आमच्यात बाळाची नाळ जिथे पुरतात ती जागा घरची माणसं विसरत नाहीत. तिची नाळ पुरली होती तिच्या मावशीने. मावशी अजून आहे. मी साहेबांना सरळ तिच्या अंगणात नेलं. रस्ता मला दिसायलाच लागला होता.

मावशी मोहाची फुलं वाळत घालत होती. तिने ऐकून घेतलं, साहेबांना पाणी दिलं आणि म्हणाली, "नाई दाखवत."

"मावशी, रस्ता होते ना त्याच्यानं," मी म्हणाले.

"थ्या जागेवर परक्याचा पाय पडू देत नाई. तुले माईत हाय."

"दगडाचं कुंपण घालू," साहेब म्हणाले.

"अन् मंग लोकं फोटो काढतीन." मग ती माझ्याकडे वळून गोंडीत बोलली, साहेबांना कळू नये म्हणून. "माझ्या बहिणीची लेक तिकडे बर्फात गेली तेव्हा रस्ता द्यायला कोणी आलं होतं का? तुझी वहिनी काय कमी आहे? तिच्यासाठी माग."

मला राग आला. माझं म्हणणं होतं, एक जागा दाखवली तर काय बिघडतं. साहेब थांबले होते, माझ्याकडे बघत होते. जागा मलाही ठाऊक होती, चार पावलांवर. बोट केलं असतं तरी काम झालं असतं.

मी बोट केलं नाही. "नाही दाखवत साहेब," म्हणाले. "रस्ता मात्र पाहिजे."

"मग कशाच्या आधारावर लिहू?"

"इथे बायका राहतात, याच्या आधारावर."

साहेब बूट उचलून गेले.

पुढच्या पत्रकात मी ध्रुवावर गेलेल्या बाईचा उल्लेखच केला नाही. त्यात वस्तीवरच्या बाळंतपणांबद्दल लिहिलं, आणि बाज कोण कोण उचलतं त्याबद्दल. पण सहलीची गाडी येते त्या दिवशी मी फाट्यावर उभी राहते. जन्मस्थान बघायचं असेल तर उतरा आणि चाला, म्हणते. ड्रायव्हर कुरकुरतो. बरेच जण बसून राहतात, काही उतरतात. नाल्यात चपला अडकतात, शिव्या निघतात. वर पोचल्यावर विचारतात, नेमकी जागा कुठली? मी सांगते, जिच्यावरून आत्ता आलात ती बघा. तिच्या आईने पोटुशी असताना हीच वाट तुडवली. बाकीचं आमच्या घरातलं आहे.

परवा साहेबांचा निरोप आला. अजूनही खूण दाखवली तर फाइल पुढे सरकेल.

मी फोन करून सांगितलं, "खूण पाहिजे ना साहेब? पाऊस लागला की या. वहिनीला आम्ही फाट्यावर घेऊन येऊ. बाजेचा एक खूर तुम्ही धरा."